वाळवंटात धावायला येण्यापूर्वी : मार्ग, वेळ आणि पाणी

आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘मार्ग किती किलोमीटरचा आहे?’ हाच असतो. आम्ही उत्तर तासांत देतो. डांबरी रस्त्यावर जे अंतर तुम्ही तासाभरात सहज पार करता, तेच वाळूत दोन तास खाऊ शकतं आणि त्या दोन तासांत सूर्य कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून आमचे सगळे मार्ग ‘एक तासाचा’, ‘दोन तासांचा’, ‘अर्ध्या दिवसाचा’ असेच आखलेले आहेत. त्यामागची कारणं समजली तर उद्या तुम्ही एकटे एखाद्या वाळवंटात धावायला गेलात तरी ती उपयोगी पडतील. तेवढ्यासाठीच हे पत्रक.

पायाखालची जमीन

वाळवंट म्हटलं की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. प्रत्यक्षात जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूने झाकलेला आहे. उरलेला भाग खडीचा, मुरमाचा, उघड्या खडकाचा, नाहीतर सुकलेल्या खारट तळ्यांचा. धावणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. वाऱ्याने बारीक माती उडवून नेलेली आणि वर गोटे घट्ट बसलेले सपाट माळ धावायला उत्तम. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना अशाच माळावर नेतो, मग तुमच्या नावावर कितीही मॅरेथॉन असोत.

वाळूत जास्त दमायला होतं हे कुणीही सांगेल. किती जास्त, तेही मोजलेलं आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळूत धावायला कडक जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागल्याचं दिसलं. चालायला तर दुपटीहून जास्त. कारण पाय टेकला की वाळू सरकते, आणि पुढे ढकलण्यासाठी लावलेला जोर तिच्यातच जिरतो. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर हे सगळं सोसतात. तेव्हा वाळूत पावलं आखूड टाका, पाय सपाट टेकवा, टाच रुतू देऊ नका. वेगाकडे बघूच नका, श्वासाकडे लक्ष द्या.

टेकडीला दोन बाजू असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वारा जिकडून येतो ती बाजू सावकाश चढत जाते. वाऱ्याने दाबून तिथली वाळू घट्ट झालेली असते, तिच्यावर नक्षीसारख्या बारीक लाटा उमटलेल्या दिसतात. पलीकडची बाजू, जिथे वाळू माथ्यावरून घरंगळून साचते, ती ३० ते ३४ अंशांची आणि भुसभुशीत. चढायचं नेहमी लाटांच्या बाजूने. माथ्याच्या धारेच्या थोडं खालून, वाऱ्याकडच्या अंगानेच पुढे जायचं, म्हणजे पाय कमी रुततात. भुसभुशीत बाजू उतरण्यासाठी ठेवा; ती उतरताना होणारा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पहाटे दव पडलं असेल तर वरचा थर अजूनच घट्ट असतो, आणि ऊन वर आलं की तासाभरात तीच वाळू ढिली पडते. त्यामुळे टेकड्यांचा टप्पा आम्ही मार्गाच्या सुरुवातीलाच ठेवतो.

गाडीवाटांवर चाकोरीतून धावलेलं बरं, मधल्या उंचवट्यावरून नको. तिथे सैल खडी असते आणि घोटा मुरगळतो. खडकाळ डोंगरांवरची पायवाट दगडांच्या छोट्या चळतींनी दाखवलेली असते. एक चळत दिसेनाशी होण्याआधी पुढची दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर मागच्या चळतीपाशी परत या.

कोरड्या ओढ्याचं पात्र मात्र फसवं असतं. दोन्ही बाजूंना काठ, वर थोडी सावली, वाट चुकायची भीती नाही, म्हणून ते बरं वाटतं. पण त्यातली भरड वाळू पाय खेचते, आणि पाणी आलं तर पळायला जागा नसते. हे पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येईल असंही नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक लोंढ्यात सापडून मृत्युमुखी पडले. वादळी पाऊस तिथून कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला कोसळला होता. पाणलोटात कुठेही गडगडाट होत असेल तर आम्ही घळीचा मार्ग रद्द करतो. आकाश निळंशार दिसत असलं तरी करतो, आणि त्यावर वाद घालत नाही.

काही वाळवंटांत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या युटाच्या पठारावर, झुडपांच्या मधल्या जमिनीवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसतो. तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया (उन्हावर जगणारे सूक्ष्म जीवाणू), शैवाक (दगडफूल) आणि शेवाळ यांनी मातीचे कण बांधून ठेवलेले असतात, म्हणून तिथली माती वाऱ्याने उडत नाही. एका पावलाने तो मोडतो आणि भरून यायला वर्षानुवर्षं, कधी कधी कित्येक दशकं लागतात. वाट सोडावीच लागली तर खडकावरून किंवा उघड्या वाळूवरून जा. हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो.

घड्याळ

वाळवंटात सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने रात्रभर जमिनीतली उष्णता वर निघून जाते. संध्याकाळी हवा उतरल्यासारखी वाटते, पण खडक दिवसभराचं ऊन परत फेकत असतात. म्हणून उन्हाळ्यात आम्ही फक्त पहाटे धावतो.

बातम्यांत सांगितलेलं तापमान सावलीतल्या हवेचं असतं. पावलाखालची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात १९७२ च्या जुलैमध्ये हवा ५३.३ अंश सेल्सिअस असताना जमिनीचं तापमान ९३.९ अंश नोंदवलं गेलं. हे टोक झालं. पण ४० अंशांच्या दुपारीही जमीन साठीच्या पुढे जाते, आणि पडलात तर हात तिथेच टेकणार असतात. ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीच्या आत चालू नये, असा तिथल्या उद्यान प्रशासनाचाच सल्ला आहे, आणि तो चालणाऱ्यांसाठी आहे. धावणाऱ्याने त्याहून लवकर सावलीत पोचावं.

उन्हाची सवय होते, पण तिला १० ते १४ दिवस लागतात. रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं. थंड प्रदेशातून येऊन दुसऱ्याच दिवशी मोठा मार्ग मागू नका. सुरुवातीला रोज थोडं धावा, तेही सावकाश.

पाणी

कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतच नाही. अंग कोरडं असतं, आणि टोपीच्या कडेला व पाठीवरच्या पट्ट्यांखाली मिठाची पांढरी रेघ तेवढी उमटते. धावताना ताशी एक ते दीड लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. तुमचा किती, हे घरच्या घरी काढता येतं. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. कमी भरलेल्या वजनात मध्ये प्यालेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. हा आकडा आम्हाला आधी कळवलात तर तुमचं पाणी त्या हिशेबाने धरता येतं.

याचा अर्थ गेलं तेवढं पाणी जबरदस्तीने भरायचं असा मात्र नाही. तहानेपेक्षा खूप जास्त पाणी पिणं हेही घातक आहे, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासणी झालेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम हवं त्यापेक्षा खाली गेलेलं आढळलं, आणि त्याचा संबंध वाटेत वजन वाढण्याइतकं पिण्याशी होता. तहान लागेल तसं थोडं थोडं प्या. लांबच्या मार्गावर सोबत खारट काहीतरी खा. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं, बोटं सुजली, डोकं दुखून मळमळू लागलं, तर आणखी पाणी न पिता आम्हाला सांगा.

आमचे बहुतेक मार्ग पाकळ्यांसारखे आहेत : तीन-चार छोटे फेरे, आणि प्रत्येक फेरा पुन्हा त्याच पाण्याच्या ठिकाणी येतो. बघायला हे साधं वाटतं, पण दमलेल्या माणसाला एक पाकळी सोडून देता येते. सरळ जाऊन परत यायच्या मार्गावर मात्र एक तृतीयांश पाणी संपलं की वळायचं, मग ठरवलेली जागा समोर दिसत का असेना. ती दिसते त्याहून लांबच असते. कोरड्या, स्वच्छ हवेत डोंगर जवळ आल्यासारखे वाटतात. आणि परतीचा टप्पा नेहमी जास्त उन्हात असतो. उन्हाळ्यात आम्ही जाताना वारा पाठीवर आणि येताना तोंडावर घेतो, म्हणजे घाम वाळून अंग निवतं. थंडीत बरोबर उलटं करतो, नाहीतर घामेजलेल्या अंगाला परतीच्या वाऱ्यात हुडहुडी भरते.

सोबत काय

सैल, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मान झाकणारी टोपी, चष्मा, शिट्टी, हेडलॅम्प. वाळू आत जाऊ नये म्हणून बुटांवर गेटर, म्हणजे बूट आणि घोटा झाकणारी कापडी आवरणं, हवीतच. वाळूचा एक कण मोज्यात गेला की फोड ठरलेला. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतात. फोन उन्हात तापून आपोआप बंद पडतो, म्हणून तो पिशवीत आत ठेवा. मार्गाचा कागदी नकाशा आम्ही देतो, तो खिशात असू द्या. कंगवाही घ्या. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटात चोया नावाचं निवडुंग आहे, त्याची काटेरी बोंडं नुसता स्पर्श झाला तरी अंगाला चिकटतात. हाताने काढायला गेलात तर हातात रुततात. कंगवा खाली सारून झटका दिला की निघतात. थरच्या वाळवंटात सराट्यांपासून सावध राहा, पातळ तळव्याच्या बुटातून ते सरळ आत येतात.

पायात घालण्याआधी बूट झटका, विंचू असू शकतो. संधिप्रकाशात साप उबदार वाटेवर येऊन पडतात, तेव्हा दिव्याशिवाय धावू नका. चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं असतं.

धुळीचं वादळ आलं तर

थांबा. तोंडावर कापड बांधा, वाऱ्याकडे पाठ करून बसा, दर काही मिनिटांनी शिट्टी वाजवा. १९९४ साली मोरोक्कोतल्या ‘माराथाँ दे साब्ल’ या शर्यतीत माउरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वादळातही पुढे जात राहिला. वादळ ओसरलं तेव्हा वाट नाहीशी झाली होती. नऊ-दहा दिवसांनी तो शेजारच्या अल्जेरियात सापडला, जिवंत. तो ऑलिम्पिकमध्ये उतरलेला खेळाडू होता.

उष्माघात

सोबतचा माणूस अडखळू लागला, विचारलं एक आणि सांगितलं भलतंच असं झालं, विनाकारण चिडू लागला, तर उष्माघात समजूनच चला. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. धावणाऱ्याला उष्माघातातही घाम येत राहतो. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. सावलीत आडवं करा, जादा कपडे काढा, असेल नसेल ते सगळं पाणी अंगावर ओता आणि जोरजोरात वारा घाला. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. तळावर आम्ही बर्फाच्या पाण्याची टाकी भरून ठेवतो ती ह्यासाठीच. तिच्यात मानेपर्यंत बुडवणं हा सर्वांत खात्रीचा उपचार आहे. शुद्ध नीट नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

येण्याआधी आम्हाला कळवा

लघवी वाढवणारी, रक्तदाबाची किंवा सर्दी-अ‍ॅलर्जीची औषधं चालू असतील, पूर्वी कधी उन्हाचा त्रास झाला असेल, तर नावनोंदणीच्या वेळीच सांगा. यातली काही औषधं घाम रोखतात, काही पाणी जास्त बाहेर टाकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. मार्ग छोटा करणं आमच्या हातात आहे. आदल्या रात्री ताप आला, जुलाब झाले किंवा झोपच लागली नाही, तर पहाटेची वाट न बघता त्याच वेळी फोन करा. तुमची जागा पुढच्या तारखेला राखून ठेवता येते.