उमेदवाराची खर्च समिती : वहीतल्या रकान्यांची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या आठ विधानसभा मतदारसंघांत उमेदवार खर्च समिती (प्रचाराचा पैसा आणि हिशेब सांभाळणारे कार्यकर्ते) नेमतात ती सोय म्हणून, कायद्याने मागितली म्हणून नव्हे. अमेरिकेत समिती नोंदवून कोषाध्यक्ष नेमावा लागतो. आपल्याकडे हिशेबाची जबाबदारी उमेदवार आणि त्याचा निवडणूक प्रतिनिधी (इलेक्शन एजंट) या दोघांवरच आहे. समितीतल्या कुणी पावती हरवली, तरी नोटीस उमेदवारालाच येते.

खर्चाच्या या नियमांची सुरुवात १९२० मध्ये झाली. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्या प्रचारावर खर्च करणे तेव्हा भारतीय दंड संहितेत गुन्हा ठरले. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. कोरेगावच्या चौकात हितचिंतकाने हौसेने लावलेल्या फ्लेक्सचा प्रश्न इथूनच सुरू होतो. परवानगी दिली तर खर्च उमेदवाराच्या खात्यावर चढतो, न दिली तर लावणारा अडकतो. म्हणून परवानगीची पत्रे देण्याचे काम समितीत एकाच माणसाकडे असावे.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवण्याचे कलम ७७ आणले, पण पक्षाने केलेला खर्च कुणाचा, हा वाद राहिला. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उमेदवाराच्या हिशेबात धरला. सरकारने लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला, आणि २००३ पर्यंत खर्चमर्यादा जवळजवळ कागदावरच राहिली. आमच्या मते निवडणूक खर्चाच्या इतिहासातला सर्वांत महागडा बदल हाच. पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबाबाहेर ठेवण्याची ही सवलत २००३ च्या दुरुस्तीने मुख्यतः स्टार प्रचारकांच्या (पक्षाने जाहीर केलेल्या नेत्यांच्या) प्रवासापुरती उरली. कराडच्या सभेत नेत्याशेजारी उमेदवार बसला, की त्या सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या वहीत जातो.

१९७५ पासून हिशेब उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंत धरतात. इथे हमखास गफलत होते. अर्जाआधी छापलेली पत्रके नंतर वाटली तर तीही मोजली जातात, आणि अर्ज भरायला निघालेल्या मिरवणुकीतल्या जीपगाड्याही. महाराष्ट्रात विधानसभेची मर्यादा २०११ मध्ये १६ लाख, २०१४ मध्ये २८ लाख झाली. २०२२ पासून ४० लाख आहे.

२०१० नंतर निवडणूक आयोगाने देखरेख कडक केली. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र खाते उघडावे लागते. सहकारी बँक किंवा पोस्ट चालते. गावच्या पतसंस्थेतले खाते धरू नये. खाते उमेदवाराच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त असते, घरच्यांसोबत नाही (घरचाच कुणी प्रतिनिधी असेल तर गोष्ट वेगळी). नोंदवहीचे तीन भाग: रोजच्या खर्चाचा पांढरा, रोखीचा गुलाबी, बँकेचा पिवळा. प्रचारकाळात ती तीनदा तपासली जाते आणि आयोगाच्या पथकाच्या छाया नोंदवहीशी (पथकाने स्वतः टिपलेल्या खर्चाशी) ताडली जाते. दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाशी जुळले पाहिजेत. मंडप आपलाच म्हणून शून्य लिहिता येत नाही.

रोखीचे एक उदाहरण बघा. एकाच व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. मंडपवाल्याला पहिल्या सभेचे ८,००० रोख दिले आणि पुढच्या सभेचे ६,०००ही रोखच दिले, की बेरीज १४,००० होऊन नियम मोडतो. दोन्ही बिले वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी भागवली असतील तर हे पंधरा दिवसांनी कळते. म्हणून रोख एकाच्याच हाती ठेवावी आणि रोज रात्री प्रत्येक दुकानदाराची एकूण रक्कम काढावी. आयोग खर्चाच्या कामासाठी अतिरिक्त प्रतिनिधी नेमू देतो. ती नेमणूक रोख सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या नावे करावी.

वही आणि छाया नोंदवहीतल्या तफावतीची नोटीस आली तर उत्तराला ४८ तास मिळतात. हिशेब खरा आहे का, हे आयोग तपासू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशोक चव्हाण प्रकरणात स्पष्ट केले. निकालानंतर २६ व्या दिवशी ताळमेळ बैठक (हिशेबातली तफावत मिटवण्याची) होते आणि ३० दिवसांच्या आत अंतिम हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर कलम १० अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणून त्या बैठकीपर्यंत वही लिहिणारा आणि पावत्या सांभाळणारा असे दोघे तरी मोकळे सोडू नयेत.