मयताच्या घरातल्या वस्तू : कोणत्या वस्तूला कोणता कागद?

भांडी, कपाटं, कपडे, टीव्ही यांना कुठलाच सरकारी कागद लागत नाही. वारसांत एकमत असेल तर साध्या कागदावर यादी करायची, कोणी काय घेतलं ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. जंगम वस्तूंच्या वाटणीची नोंदणी सक्तीची नाही. घोडं अडतं ते लॉकर, दागिने, गाडी आणि क्वचित परवान्याची बंदूक इथे. यातल्या प्रत्येकाचं दार वेगळं, पण लोक एकच कागद घेऊन सगळीकडे फिरतात आणि हेलपाटे घालतात.

सर्वांत मोठा घोळ ‘वारस’ या नावाखाली मिळणाऱ्या तीन कागदांचा. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीच्या फेरफारापुरती. लॉकर उघडायला तिचा उपयोग नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतलं ‘सक्सेशन’, फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं : ठेवी, शेअर, बाँड, कुणाकडून यायची रक्कम. दागिने त्यात बसत नाहीत. त्यासाठी मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ खालचा वारस दाखला दिवाणी कोर्टातून घ्यावा लागतो, आणि तोही वारस कोण एवढंच सांगतो, मालकीचा वाद सोडवत नाही. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी वस्तूंची यादी तयार ठेवा. नाहीतर महिनोन्‌महिने तारखा घेऊन हाती आलेला कागद नेमका नको असलेला निघतो.

वाद नसेल तर लॉकरसाठी कोर्टाची पायरी सहसा चढावी लागत नाही. नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि ओळखपत्र. नॉमिनी नसेल तर वारसांबद्दलचं घोषणापत्र आणि दावा न करणाऱ्या वारसांचं नाहरकत पत्रही लागतं. बहुतेक फायली इथेच परत येतात, कारण आई राहून जाते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको आणि मुलांइतकीच त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. वडील त्या वर्गात नाहीत. आधीच वारलेल्या मुलाची मुलं मात्र आहेत, आणि तीही हटकून विसरली जातात.

नावाचा फरक हे दुसरं दुखणं. मृत्यू दाखल्यावर ‘लक्ष्मीबाई’, बँकेत ‘लक्ष्मी’, आधारवर माहेरचं नाव. दाखला हातात पडल्या पडल्या तपासा आणि चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्या. नंतर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून काम होतं, पण ते चालवून घ्यायचं की नाही हे समोरच्या साहेबाच्या मर्जीवर.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा तपासून लॉकरमधल्या वस्तूंच्या मोजदादीची तारीख ठरवायला दावेदाराशी संपर्क साधायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे १५ दिवस मृत्यूपासून मोजायचे नाहीत, अर्ज टाकल्यापासूनही नाहीत; शेवटचा कागद पोचल्यापासून मोजायचे. ‘त्रुटी आहे’ असं काउंटरवर तोंडी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. त्रुटी लेखी मागा आणि पोच घ्या, नाहीतर तुमचे दिवस सुरूच होत नाहीत.

मोजदाद साक्षीदारांसमोर होते आणि यादीवर सह्या होतात. त्या यादीत बहुधा ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग ४’ एवढंच असतं. ते मूल्यांकन नव्हे. वजन आणि शुद्धता वेगळी काढून घ्यावी लागते, आणि ती वाटणीच्या आधी. नॉमिनीच्या हातात वस्तू आल्या म्हणजे तो मालक झाला असंही नाही. तो वारसांच्या वतीने त्या स्वीकारतो.

मूल्यांकनासाठी सराफाची चिठ्ठी घरातल्या वाटणीपुरती ठीक. कर किंवा कोर्टाचा प्रश्न असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. त्यात प्रत्येक नगाचा फोटो, एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि शुद्धता वेगवेगळी हवी. जुन्या ठुशी-बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, मंगळसूत्रात काळे मणी असतात. एकूण वजनावर भाव लावला तर एका वारसाला लाखच सोन्याच्या भावाने मिळते. घडणावळ मूल्यात धरू नका.

वारसाने आलेल्या दागिन्यांवर मिळताना प्राप्तिकर लागत नाही. विकताना लागतो, आणि तिथे खरेदी किंमत मूळ मालकाची धरतात. मूळ मालकाकडे दागिना १ एप्रिल २००१ च्या आधीपासून असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो; मूल्यांककाकडून तोही लिहून घ्या. फर्निचर किंवा घरची गाडी विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही, पण चित्रं आणि शिल्पं यांना ही सूट नाही.

गाडीच्या मुदती दोन आहेत आणि लोकांना एकच ठाऊक असते. नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करायला तीन महिने मिळतात. पण त्या तीन महिन्यांत गाडी वापरायची असेल तर मृत्यूपासून ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची आणि आपण गाडी वापरणार असल्याची सूचना द्यावी लागते. ही सूचना जवळजवळ कोणीच देत नाही. विम्यालाही तीन महिन्यांचीच सवलत असते, आणि पॉलिसी त्याआधी संपत असेल तर तेवढीच. गाडीवर कर्ज असेल तर आधी वित्त कंपनीशी बोला, तिच्या नाहरकतीशिवाय आरटीओचा अर्ज पुढे सरकत नाही.

कपाटात परवान्याचं हत्यार सापडलं तर ते वाटणीच्या यादीत धरून ठेवू नका. परवाना मयताच्या नावाचा होता. हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. कोणाला ते ठेवायचं असेल तर त्याने आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा.