पोट्टे त्याला खेळात का घेत नाहीत?

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात कबड्डीचे गडी वाटले जातात. दोन कॅप्टन आळीपाळीनं नावं घेतात, शेवटी एक जण उरतो. तो रोज तोच असेल, तर गुरुजींनी तिकडे बघायला हवं.

अशी मुलं दोन तऱ्हेची. काहींना बाकीचे टाळतात: चटकन भडकणारी, बाद झालं तरी न मानणारी, डाव आला की पळणारी. काही कोणाच्या ध्यानातच नसतात: भित्री, गप्प. पहिल्यांच्या तक्रारी घरापर्यंत जातात. दुसऱ्यांना आपण ‘गुणी पोर’ म्हणतो, आणि त्यांची उदासी वर्ष सरलं तरी कळत नाही.

भांडणाऱ्या मुलाचं बिनसतं कुठं? पळताना कोणाचा तरी धक्का लागतो. इतर मुलं ‘चुकून लागला’ म्हणून सोडून देतात. हा ‘मुद्दाम मारलं’ असं धरून बुक्की हाणतो. हेतू स्पष्ट नसेल तिथं आक्रमक मुलं वाईट हेतूच गृहीत धरतात, हे केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवून दिलं. बुक्की खाल्लेला पुढच्या वेळी खरंच मुद्दाम मारतो. मग याचा संशय पक्का होतो.

खेड्यात आणखी एक पेच आहे. पहिली ते चौथी तीच पंधरा-वीस पोट्टी, शाळा सुटल्यावर गल्लीतही तीच. एकदा ‘मारकुटा’ ठरला की तो सुधारला तरी पोरांना जुनाच दिसतो. म्हणून एकट्या त्याला समजावून भागत नाही, वर्गाची नजरही बदलावी लागते.

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. कान वाहणाऱ्या मुलाला नियम ऐकूच येत नाही, आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. मग दोन-तीन दिवस सुट्टीत दुरून बघा, तो खेळात शिरतो कसा. मध्येच घुसून चेंडू हिसकावला की हाकललं जाणारच. त्याला क्रम शिकवा: कडेला उभं राहून डाव समजून घे, चांगल्या गड्याला शाबासकी दे, एक डाव संपला की विचार, “मले बी घेता का बे?” हे शिक्षकासोबत चार-पाचदा करून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

कॅप्टनकडून निवड बंद करून एक-दोन, एक-दोन मोजून गट पाडा. झाडांना पाणी घालायला त्याची जोडी शांत, पण दबून न जाणाऱ्या मुलाशी लावा आणि ती तीन-चार आठवडे मोडू नका. दोन तापट मुलं मात्र एकत्र बसवू नयेत. ती एकमेकांच्या खोड्यांना हसून दाद देतात, खोड्या वाढतात. ‘तुम्हाला कोण आवडत नाही?’ असं भर वर्गात तर कधीच विचारू नका.

दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, झोप-जेवण बिघडलं किंवा मूल शाळाच टाळू लागलं, तर शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. पथकाची फेरी वर्षातून एकदाच असते, तोवर थांबू नका: ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.