सेलला कोणते टर्मिनल घ्यावे? – लिथियम बॅटरी स्वतः जोडणाऱ्या ग्राहकांसाठी

सेलची मागणी नोंदवताना बहुतेक ग्राहक क्षमता नीट पाहतात आणि टर्मिनलचा, म्हणजे सेलच्या जोडणीच्या टोकाचा, रकाना कोरा सोडतात. ‘जे असेल ते पाठवा’ असेही अनेकजण सांगतात. आमचा आग्रह आहे की हा रकाना विचार करून भरा. सेल चांगला असून बॅटरी त्रास देते तेव्हा आम्ही सर्वात आधी जोड तपासायला सांगतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या २८० अँपिअर-तासांच्या चौकोनी सेलचा अंतर्गत रोध ०.२ मिलिओहमच्या आसपास असतो. एखादा जोड नीट बसला नाही आणि त्याचा रोध १ मिलिओहम झाला, तर तो एकटा जोड पाच सेलांइतका अडथळा करतो. १०० अँपिअर वाहताना तिथे १०० मिलिव्होल्ट पडतात आणि १० वॅट उष्णता निघते, तीही नखाएवढ्या जागेत. १६ सेल एकामागून एक जोडले की टर्मिनलवरचे असे ३२ जोड होतात.

आटे पाडलेले भोक

या प्रकारात टर्मिनलच्या अॅल्युमिनियममध्येच एम६ चे आटे असतात. बसबार (दोन सेल जोडणारी धातूची पट्टी) थेट टर्मिनलच्या सपाट पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे संपर्काची जागा चांगली मिळते. अडचण एवढीच की अॅल्युमिनियम मऊ आहे आणि भोक जेमतेम काही मिलिमीटर खोल. बोल्ट दोन-चारदा काढला-घातला, किंवा एकदाच जास्त जोर दिला, की आटे जातात.

बोल्टची लांबी इथे फार महत्त्वाची आहे. बोल्ट लांब असेल तर त्याचे टोक भोकाच्या तळाला टेकते. पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटते काम झाले, पण बसबार मात्र खाली दाबलाच गेलेला नसतो. बोल्ट आखूड असेल तर दोन-तीन आट्यांवर सगळा ताण येतो आणि ते उपटून निघतात. म्हणून आधी बसबार न लावता बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरवा आणि फेरे मोजा. एम६ च्या नेहमीच्या बोल्टचे आटे १ मिलिमीटर अंतराचे असतात, म्हणजे एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर. मिळालेल्या खोलीत बसबार, वॉशर आणि बीएमएसच्या (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या) वायरचा लग (टोकाची धातूची कडी) यांची जाडी मिळवा. बोल्ट या बेरजेपेक्षा किंचित कमी लांबीचा हवा.

याहून चांगला उपाय म्हणजे बिनडोक्याचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू भोकात कायमचा बसवणे आणि वरून कॉलरचा नट लावणे. मग पुढची सगळी उघडझाप स्टीलच्या आट्यांवर होते, अॅल्युमिनियमला हात लागत नाही. स्क्रूला मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, पण अगदी थेंबभर. तो सपाट पृष्ठभागावर पसरला तर तिथे वीज अडवेल. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियममध्ये थ्रेडलॉकर सावकाश धरतो, म्हणून नट लावण्याआधी एक दिवस जाऊ द्या. घरात एका जागी राहणाऱ्या बॅटरीसाठी आम्ही हीच रचना सुचवतो.

आटे गेलेच तर ड्रिल घेऊन भोक खोल करायला जाऊ नका. खाली सेलचा आतला भाग आहे, आणि धातूचा कीस दोन टर्मिनलांमध्ये पडला तरी शॉर्ट होतो.

वेल्ड केलेला स्टड

टर्मिनलवर लेसरने वेल्ड केलेला स्टड, म्हणजे आटे असलेला उभा दांडा, असतो. वर नट फिरवायचा, बस. काम सोपे, लांबीचे गणित नको. पण हा स्टड त्या वेल्डइतकाच मजबूत असतो. नट घट्ट करताना पाना तिरका ओढला किंवा जड केबल स्टडवर लोंबकळत ठेवली तर वेल्डला तडा जातो, आणि तो घरी दुरुस्त होत नाही. सेल हातात आल्यावर वेल्डची रेघ भिंगातून पाहा: ती पूर्ण गोल फिरलेली हवी, मध्ये खंड किंवा काळी भोके नकोत. शंका असेल तर तो सेल न जोडताच आम्हाला कळवा.

दोन भोकांची पट्टी

सेलच्या टर्मिनलवर रुंद पट्टी वेल्ड केलेली असते आणि तिच्यावर दोन स्टड किंवा आट्यांची दोन भोके असतात. संपर्काची जागा मोठी, आणि दोन ठिकाणी धरल्यामुळे बसबार जागेवर फिरत नाही. गाडीत किंवा बोटीत, जिथे सतत हादरे बसतात, आणि जिथे १५०-२०० अँपिअर बराच वेळ ओढायचे आहेत, तिथे आमच्या मते हाच प्रकार घ्यावा. फक्त बसबारही त्याच अंतरावर दोन भोके पाडलेले लागतात. जुने एका भोकाचे बसबार इथे चालणार नाहीत.

गोल सेलांचा, म्हणजे १८६५० किंवा २१७०० चा, मार्ग वेगळा आहे. त्यांना निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडतात. थेट सोल्डर करू नका; आतला पॉलिएथिलीनचा पडदा सुमारे १३० अंश सेल्सियसला वितळतो आणि सोल्डरिंगची इस्त्री त्याच्या कितीतरी वर असते. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे चुंबकाने कळत नाही, कारण चुंबक दोन्हींना चिकटते. पट्टीवर ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. लोखंड असेल तर गंज दिसेल.

जोड बसवताना

अॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज वाहू देत नाही. बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग हलका घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि लगेच विजेच्या जोडांसाठीच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. तांब्याचा बसबार कथिल किंवा निकेलचा मुलामा दिलेलाच घ्या, मात्र तो मुलामा घासू नका. उघडे तांबे आणि अॅल्युमिनियम दमट हवेत एकत्र आले की अॅल्युमिनियम गंजते.

टर्मिनल आणि बसबार यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. वॉशर नाही, बीएमएसचा लगही नाही. आधी बसबार, त्यावर लग, मग वॉशर, मग नट. स्टेनलेस स्टील तांब्यापेक्षा सुमारे ४० पट वाईट वाहक आहे. बोल्टचे काम दाबून धरण्याचे, प्रवाह दोन सपाट पृष्ठभागांतूनच गेला पाहिजे.

टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) वापरा. सेलच्या माहितीपत्रात दिलेला आकडा पाळा. आकडा नसेल तर आट्यांच्या भोकाला ४ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका. बसबार शक्यतो लवचीक घ्या, विणलेला किंवा पातळ पत्र्यांचा. चार्ज होताना सेल फुगतो, रिकामा होताना आक्रसतो, आणि कडक बसबार ती सगळी ओढ टर्मिनलवर टाकतो.

काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. एकट्या सेलचा व्होल्टेज ३.२ असला तरी शॉर्टमध्ये तो हजारो अँपिअर देऊ शकतो.

खराब जोड कसा ओळखावा

बीएमएसवर नजर ठेवा. एखादा सेल लोड असताना सर्वात खाली जातो, चार्जिंग करताना तोच सर्वात वर चढतो, आणि सगळे बंद केले की इतरांच्या बरोबरीला येतो, तर सेलला दोष देऊ नका. बहुधा त्याचा जोड ढिला किंवा मळलेला आहे. खात्रीसाठी मोठा लोड चालू ठेवून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा. एक टोक टर्मिनलच्या धातूवर, दुसरे बसबारवर. सगळ्या जोडांवर जवळपास सारखा आकडा यायला हवा. बाकीचे ३-४ मिलिव्होल्ट दाखवत असताना एक २० दाखवत असेल, तर बॅटरी बंद करून तो जोड उघडा, स्वच्छ करा, पुन्हा बसवा. तापमानाची बंदूक वापरणार असाल तर जोडावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा. चकचकीत धातूवर ती खूप कमी तापमान दाखवते. पहिल्या महिन्यानंतर हीच तपासणी एकदा पुन्हा करा.

मागणी नोंदवताना आम्हाला तीन गोष्टी कळवा: सलग किती अँपिअर ओढणार, बॅटरी एका जागी राहणार की हलणार, आणि बसबार तुमच्याकडे आधीच असतील तर त्यांच्या भोकांचे माप.