रॅम ओव्हरक्लॉक केलीत? मग टेस्ट केल्याशिवाय कामाला लावू नका

बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवणारी तयार सेटिंग, ऑन केलं, विंडोज चालू झालं, दोन तास गेमही चालला, म्हणजे सगळं ओके असं बरेच ग्राहक धरून चालतात, पण रॅमचं तसं नसतं. एखादा बिट चुकला की दरवेळी ब्लू स्क्रीन येतेच असं नाही, कितीदा तरी काहीच दिसत नाही आणि चुकलेला डेटा गुपचूप एसएसडीवर सेव्ह होतो, मग कधीतरी झिप उघडत नाही, फोटो अर्धा राखाडी दिसतो आणि दोष एसएसडीला जातो. म्हणून आधी बॅकअप घ्या, आणि टेस्ट होईपर्यंत त्या मशीनवर महत्त्वाचं काम नकोच.

एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणंच आहे हं. किटवर ६००० स्पीड लिहिलंय म्हणजे स्टिक तेवढी पळते, पण मेमरी कंट्रोलर असतो प्रोसेसरमध्ये, त्याला आणि बोर्डला तो स्पीड झेपेलच असं नाही. चार स्टिक लावल्या की आणखी अवघड.

पहिली टेस्ट विंडोजच्या बाहेर करा. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून बूट करा, फ्री व्हर्जनमध्ये चार पास (पूर्ण फेऱ्या) मिळतात, ते पूर्ण होऊ द्या. इथेच एरर आला तर त्या सेटिंगवर विंडोजमध्ये जाऊच नका, सिस्टिम फाइल्स खराब होऊ शकतात. पण ही टेस्ट पास झाली म्हणून थांबूही नका, कारण काठावरच्या सेटिंग्ज यातून सहज निसटतात. पुढे विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा रॅम टेस्टर चालवा, मग वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ची लार्ज एफएफटी टेस्ट, यात मेमरी कंट्रोलरवरही चांगलाच लोड येतो. शक्यतो रात्रभर.

सगळ्यात जास्त लोक विसरतात ते तापमान. थंड असताना पास झालेली रॅम ग्राफिक्स कार्डची गरम हवा लागली की एरर देऊ शकते, खासकरून टीआरईएफआय (रॅमच्या दोन रिफ्रेशमधला वेळ) वाढवला असेल तर, म्हणून एक टेस्ट ग्राफिक्स कार्डवर लोड देऊनच करा. डीडीआर५मध्ये चिपच्या आत ईसीसी (चुकलेला बिट दुरुस्त करणारी सोय) असतं खरं, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका ते पकडत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

पीसी पूर्ण बंद करून थंड झाल्यावर परत एकदा टेस्ट करा, कारण बूटच्या वेळी मेमरी ट्रेनिंग (रॅम आणि प्रोसेसरचं सिग्नल जुळवणं) होतं आणि त्याचा निकाल दरवेळी सारखाच येतो असं नाही. डीडीआर५ला पहिल्या ट्रेनिंगमध्ये काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, घाबरून पॉवर बंद करू नका.

एक एरर आला तरी फेल समजा, "एकच तर आहे" असं आमच्याकडे चालत नाही. लगेच व्होल्टेज वाढवू नका, आधी स्पीड एक पायरी खाली घ्या, ६०००वरून ५८००, नाहीतर टायमिंग सैल करा (त्याचे आकडे वाढवा) आणि टेस्ट पहिल्यापासून. तरीही एरर येत असतील तर सगळं डिफॉल्टवर नेऊन एकेक स्टिक वेगळी तपासा. डिफॉल्टलाही एरर देणारी स्टिक बहुतेक वेळा खराब असते, ती एररच्या स्क्रीनचा फोटो आणि बायोस व्हर्जनसकट आमच्याकडे घेऊन या.