केमोथेरपीनंतरचे किरणोपचार (स्तनकर्करोग)

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व केमोथेरपी पार पडल्यावर उरलेला स्तन किंवा छातीची भिंत, आणि गरजेनुसार काखेतील व गळ्याच्या हाडाजवळील लसिका ग्रंथींवर (कर्करोगाच्या पेशी जिथे आधी पसरतात त्या छोट्या गाठींवर) दिले जाणारे किरण. रुग्णांच्या बोलण्यात 'रेडिएशन' किंवा 'लाईट घेणे'.

स्तनकर्करोगावर किरण देण्याचा उगम वादग्रस्त आहे. शिकागोच्या एमिल ग्रुबे याने जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे रेंटगेनचा क्ष-किरणांचा शोध जाहीर होऊन जेमतेम महिना झाला असताना, स्तनकर्करोगावर क्ष-किरण वापरल्याचे सांगितले जाते. मात्र हा दावा मुख्यतः त्याच्याच पुष्कळ नंतरच्या लेखनावर उभा असल्याने इतिहासकार तो जपूनच घेतात. हाम्बुर्गच्या हेर्मान गोख्ट याचे याच उपचारावरील काम १८९७ मध्ये छापून आले. तो पुरावा अधिक भक्कम वाटतो.

केमोचे औषध रक्तातून सर्वांगात फिरते, तर किरण नेमक्या जागी मागे राहिलेल्या पेशींवर पडतात. म्हणून 'केमो झाली, मग लाईट कशाला?' या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रिया कोणती झाली आणि काखेतील किती ग्रंथींत रोग सापडला यावर ठरते. स्तन राखला असेल तर किरण बहुधा दिले जातातच. अनेक चाचण्यांच्या २०११ च्या एकत्रित विश्लेषणात किरणांमुळे दहा वर्षांत रोग उलटण्याचे (परत होण्याचे) प्रमाण ३५ वरून १९ टक्क्यांवर आले. स्तन काढला असून चार किंवा अधिक ग्रंथी बाधित असल्यासही सल्ला सहसा 'घ्या' असाच असतो.

खरा पेच स्तन काढल्यावर एक ते तीन ग्रंथी बाधित निघाल्या तर. २०१४ च्या अशाच एकत्रित विश्लेषणात या गटालाही फायदा दिसला, पण त्यातील चाचण्या १९६४ ते १९८६ दरम्यानच्या, आजच्या औषधांच्या आधीच्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सुप्रेमो' चाचणीत दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण किरण घेतलेल्यांत ८१.४ व न घेतलेल्यांत ८१.९ टक्के निघाले. त्यामुळे या गटात सरसकट किरण देण्याचा आग्रह आता धरता येत नाही. तरीही वय, गाठीची प्रत (पेशी किती आक्रमक दिसतात ते) आणि कर्करोगाच्या पेशींचा रक्तवाहिन्यांतील शिरकाव पाहून निर्णय बदलू शकतो, आणि तो रुग्णेला विचारूनच व्हायला हवा.

शस्त्रक्रियेआधीच केमो घेऊन काखेतील रोग नाहीसा झाला असेल, तर 'बी-५१' चाचणीनुसार ग्रंथींवर किरण देऊन पाच वर्षांत रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुढील वर्षांची माहिती यायची आहे.

थकवा व कातडी काळवंडणे हे नेहमीचे त्रास. डाव्या बाजूला हृदयाची काळजी घ्यावी लागते: रुग्णा हात डोक्यावर घेऊन दीर्घ श्वास रोखून धरते, तेवढ्यात फुप्फुस फुगून हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरते आणि किरण सोडले जातात. पूर्वीच्या २५ बैठकांऐवजी आता अनेक ठिकाणी १५, तर निवडक रुग्णांत ५ पुरतात.