नेट फक्त तुमचं गेलंय की सगळ्यांचंच?

कस्टमर केअरचा फोन लागेपर्यंत माणूस आधीच वैतागलेला असतो. मग पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "एकदा राउटर बंद करून परत चालू करा." नाहीतर याच्या अगदी उलट, "तुमच्या एरियात प्रॉब्लेम आहे, दोन-तीन तासांत सुरू होईल." दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिलं तुमच्याकडच्या काही बिघाडांना लागू पडतं, दुसरं आउटेजला, म्हणजे अनेकांची सेवा एकदम बंद पडण्याला. ग्राहकाचा दिवस वाया जातो तो या दोन्हींची अदलाबदल झाल्यावर. शहरभर सेवा ठप्प असताना तो राउटरशी झटत बसतो, किंवा स्वतःची वायर तुटलेली असताना "एरियातला प्रॉब्लेम" संपायची वाट पाहत राहतो.

बिघाड म्हणजे तुमच्या एकट्याच्या वाटेवरची अडचण: राउटर, घरात आलेली फायबर, सिम, थकलेलं बिल. आउटेज म्हणजे अनेकांच्या सामाईक वाटेवरची: मुख्य केबल, टॉवर, एक्स्चेंज, किंवा कंपनीचं मध्यवर्ती नेटवर्क. घरात बसून दोन्ही सारखेच दिसतात, कारण मोबाइलवर वाय-फायची खूण दोन्ही वेळी जशीच्या तशी असते. ती खूण फक्त मोबाइल ते राउटर एवढंच सांगते, त्यापुढचं काही नाही.

फायबर असेल तर राउटरचे दिवे नीट बघा. 'एलओएस'चा (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लाल लुकलुकत असेल, तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये. अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. तपासायची ती वायर. ज्यातून प्रकाश जातो तो फायबरचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो, केसापेक्षा कितीतरी बारीक. कपाट मागे सरकवताना वायर करकचून मुडपली किंवा कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली, तरी सिग्नल जातो. वायर सरळ केली, कनेक्टर नीट बसवला आणि दिवा विझला, तर प्रश्न तिथेच सुटला. उघड्या टोकात मात्र डोकावू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

वायर ठीक असूनही लाल दिवा तसाच राहिला, तर शेजाऱ्याला विचारा. पण त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्याला. दुसऱ्या कंपनीचं नेट चालू असण्यावरून काहीच ठरत नाही. एक्स्चेंजमधून निघालेली एक फायबर स्प्लिटरमधून बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ती मध्येच तुटली की ही सगळी घरं एकदम बंद पडतात. शेजारचं त्याच कंपनीचं नेट चालू आणि तुमचं बंद, तर बिघाड बहुतेक तुमच्याच वायरीत.

'पॉन'चा (फायबरवरून कंपनीशी जोडणी असल्याचा) दिवा स्थिर हिरवा आणि 'इंटरनेट'चा दिवा बंद, हा तिसरा प्रकार. फायबर शाबूत आहे, पण लॉगिन अडकलंय, प्लॅन संपलाय किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत गडबड आहे. राउटर रीस्टार्ट करण्याचा सल्ला खऱ्या अर्थाने कामाचा ठरतो तो इथे.

मला सगळ्यात खटकतं ते हे की यातलं बरंचसं कंपनीला तिच्या जागेवरून दिसत असतं. वीज गेली तर घरातलं फायबरचं यंत्र बंद पडता पडता एक शेवटचा संदेश पाठवतं. त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात. तो संदेश आला तर वीज गेली असणार. तो न येताच संपर्क तुटला तर फायबर तुटल्याचा संशय. एका स्प्लिटरवरची सगळी घरं एकाच क्षणी गेली, तर तो आउटेज, हे कळायला कुणाच्या तक्रारीची गरज नाही. तरीही फोन उचलणाऱ्याच्या समोर ही माहिती नसते आणि तो बिचारा यादीतले प्रश्न विचारत राहतो. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. ही माहिती त्याच्यापर्यंत न पोहोचवणारी व्यवस्था चुकीची आहे.

मोबाइलमध्ये फसगत होते ती रेंजच्या दांड्यांमुळे. दांड्या फक्त टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोहोचतोय एवढंच दाखवतात. टॉवरच्या मागचं नेटवर्क कोसळलं तरी दांड्या पूर्ण दिसू शकतात. संशय असेल तर सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून पाहा, किंवा त्याच कंपनीचं दुसरं सिम आपल्या फोनमध्ये.

मागचं नेटवर्क कोसळणं म्हणजे काय, हे ८ जुलै २०२२ ला कॅनडात दिसलं. रॉजर्स कंपनीच्या नेटवर्कमध्ये सुधारणेचं काम चालू असताना एक फिल्टर काढला गेला, डेटा कुठल्या मार्गाने जावा हे सांगणाऱ्या नोंदींचा लोंढा आत शिरला आणि मधली यंत्रणा बसली. १.२ कोटींहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट दोन्ही गेले, डेबिट कार्डाचे व्यवहारही अडले. दुरुस्ती करणारे कर्मचारी स्वतःच त्याच नेटवर्कवर अवलंबून होते, त्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलणंही अवघड झालं. त्या दिवशी घरोघरी राउटर बंद-चालू करणाऱ्या कुणाच्याही हातात काही नव्हतं.

यात एक गोष्ट जिवावर बेतणारी होती. टॉवर चालू राहिले, त्यामुळे फोन त्यांनाच चिकटून बसले आणि आपत्कालीन कॉलसाठी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे वळले नाहीत. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टस कंपनीचं नेटवर्क बंद पडलं तेव्हाही दोन हजारांहून जास्त लोकांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत. असा प्रसंग आला तर सिम काढून कॉल करून पाहा. बऱ्याच देशांत फोन मग मिळेल त्या नेटवर्कवरून कॉल लावतो. सगळीकडे सिमशिवाय हा कॉल जाईलच असं नाही, म्हणून शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा फोनही हाताशी असू द्या.

एकच अॅप बंद आणि बाकी सगळं चालू असेल, तर दोष नेट देणाऱ्या कंपनीचाही नाही आणि लाइनचाही नाही, त्या अॅपचा असतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप काही तास बंद होते, बाकी इंटरनेट चालूच होतं.

भरपाईचा हिशोबही दोन्हींचा वेगळा. भारतात ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांत मोठ्या आउटेजसाठी जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद असण्याची अट आहे, तर एकट्याच्या ब्रॉडबँड लाइनचा बिघाड तीन दिवसांत न सुटण्याची अट निराळी आहे. म्हणून तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढ्यावर थांबू नका. "एलओएस लाल आहे, त्याच कंपनीचं शेजारचं कनेक्शन चालू आहे, अमुक वाजल्यापासून बंद आहे," असं सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. आउटेजच असेल तरीही क्रमांक घ्या. सेवा किती वेळ बंद होती याचा तुमच्याकडचा पुरावा तोच.

कधी कधी दोन्ही एकदम होतं, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिथे. मुख्य केबल तुटते, रात्रीतून जोडली जाते, पण शेकडो तंतूंमधला तुमचा एक नीट जोडला जात नाही. आउटेज संपला म्हणून त्याखाली टाकलेल्या सगळ्या तक्रारी एकगठ्ठा बंद होतात, त्यात तुमचीही. "तुमची समस्या सोडवली आहे" असा मेसेज येतो आणि लाल दिवा तसाच असतो. तेव्हा जुन्या क्रमांकाचा पाठपुरावा करत बसू नका. आउटेज मिटल्यानंतरही माझी लाइन बंद आहे, हा वेगळा बिघाड म्हणून नोंदवा आणि माणूस पाठवा, असं स्पष्ट सांगून नवा क्रमांक घ्या.